नोट्स वहीत काढायच्या की टाइप करायच्या: कोणत्या टप्प्यावर काय करायचं आणि कुठे चुकतं

महाल, नंदनवन, मेडिकल चौक, नागपुरातल्या कोणत्याही अभ्यासिकेत जाऊन पाहा, दोन प्रकारचे पोट्टे हमखास दिसतात. एकाच्या टेबलावर सहा रंगांचे पेन अन् छापल्यासारखी देखणी वही, दुसऱ्याच्या लॅपटॉपवर शेकडो पानांची एकच फाइल जी तो रोज वाढवतच चाललाय. दोघांनाही वही-लॅपटॉप मिटायला लावून एखादा साधा प्रश्न विचारा, उत्तर एकच येतं, "सर हे वाचलंय मी, पण आत्ता आठवून नाही राहिलं." मग दोघंही मलाच विचारतात की पेन चांगलं का कीबोर्ड.

प्रश्नच चुकीच्या जागी आहे. दोघांनीही उतरवण्याचंच काम केलंय, एकाने शाईने अन् एकाने बोटांनी. माझा सरळ हिशोब असा आहे: शिकायचं हाताने लिहून, साठवायचं टाइप करून, अन् या दोन्हीच्या मधे एकदा काहीही न बघता आठवून लिहायचं. ही मधली पायरी जवळपास सगळेच गाळतात आणि क्रम उलटा करतात, म्हणजे आधी टाइप, मग "फेअर", मग परीक्षेच्या आठवड्यात पाठांतर. खाली क्रमाने सांगतो. एमपीएससी डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय, पण इंजिनिअरिंग, नर्सिंग, लॉ, कशालाही चालेल.

पेनवाल्यांनो, लगेच खुश होऊ नका

हाताने लिहिलेलं जास्त लक्षात राहतं असं सांगणारे जे मेसेज फिरतात ते बहुतेक २०१४ च्या एका अभ्यासावर उभे आहेत. म्यूलर आणि ओपनहायमर या दोघांनी अमेरिकेत कॉलेजच्या पोरांना व्याख्यानाचे व्हिडिओ दाखवले, काहींनी वहीत नोट्स घेतल्या, काहींनी लॅपटॉपवर. लॅपटॉपवाल्यांनी शब्द जास्त लिहिले पण बरेचसे जसेच्या तसे, अन् समजेवरच्या प्रश्नांत ते मागे पडले. नुसत्या माहितीच्या प्रश्नांत मात्र दोघं जवळपास सारखेच होते. सगळ्यात मजेदार भाग म्हणजे "जसंच्या तसं उतरवू नका" असं आधी बजावूनही लॅपटॉपवाल्यांनी तेच केलं. पुढे २०२१ मध्ये दुसऱ्या टीमने तोच प्रयोग परत केला, शब्द तेव्हाही लॅपटॉपवर जास्तच निघाले, पण लगेच घेतलेल्या चाचणीत वहीवाल्यांचा तसा फायदा दिसला नाही.

२०२४ चा नॉर्वेतला मेंदूचा अभ्यासही खूप शेअर होतो. त्यात ३६ विद्यार्थी होते, हाताने लिहिताना मेंदूच्या वेगवेगळ्या भागांतला ताळमेळ जास्त दिसला हे खरं, पण टाइप करणारे एकाच बोटाने टाइप करत होते आणि कोणाला किती आठवलं याची परीक्षा त्यात घेतलीच नव्हती. त्यामुळे "पेन धरला की स्मरणशक्ती वाढते" असं काही नाही बाप्पा. पेनाचा खरा गुण म्हणजे तो हळू आहे. हळू असल्यामुळे सगळं उतरवता येत नाही, मग काय घ्यायचं अन् काय सोडायचं ते डोक्याला ठरवावं लागतं, अन् शिकणं त्या ठरवण्यात आहे. पेन घेऊनही तुम्ही पुस्तक उतरवत बसले तर हा गुण गेला. खालचे सगळे टप्पे एवढ्यासाठीच आहेत.

टप्पा १: हे डोक्यात पाहिजे की नुसतं सापडलं पाहिजे?

पेन उचलायच्या आधी हा प्रश्न. परीक्षेच्या हॉलमध्ये, व्हायवात, पेशंटसमोर, जिथे फोन उघडता येत नाही तिथे जे लागणार ते डोक्यात पाहिजे. संकल्पना, कारणं, आकृत्या, सूत्र कुठून आलं, दोन सारख्या गोष्टींतला फरक, हे सगळं हाताने.

जे फक्त गरज पडली की सापडायला हवं ते सरळ टाइप करा किंवा कॉपी-पेस्ट करा, त्यात काही पाप नाही. शासन निर्णयांचे क्रमांक, बजेटचे आकडे, लांबलचक याद्या, लिंका, सिलॅबस, परीक्षेच्या तारखा. चालू घडामोडींचा कच्चा मालही यातच. रोजचा पेपर वहीत उतरवणारे पोट्टे मी पाहतो तेव्हा खरंच वाईट वाटतं, सकाळचे दोन तास जातात अन् महिन्याभरानंतर ती वही कोणी उघडत नाही.

राज्यसेवावाल्यांसाठी आणखी एक: मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झालीय. म्हणजे उत्तरं हातानेच लिहायची आहेत, तीही घड्याळ लावून. वर्षभर फक्त टाइप करणाऱ्याचं मनगट पहिल्याच पेपरला बोलायला लागतं, हा मुद्दा स्मरणशक्तीच्या वादापेक्षा वेगळा आहे पण त्याहून रोकडा आहे.

*तपासा:* आजच्या टॉपिकचे दोन ढीग करता आले का? सगळंच "डोक्यात पाहिजे" वाटत असेल तर मागच्या पाच वर्षांचे पेपर काढा आणि त्या टॉपिकवर नेमकं काय विचारलंय ते पाहा, अर्धा ढीग आपोआप कमी होतो.

टप्पा २: तयारी

जाड बांधीव रजिस्टर घेऊ नका. नंतर मधे पान घालता येत नाही, म्हणून लोक पूर्ण वही परत लिहितात. ए-फोर साइजचे सुटे कागद, पंच केलेले, आणि विषयाला एक फाइल. कागद इतवारीत होलसेलमध्ये घेतले तर स्वस्त पडतात, बर्डीवर किरकोळ घ्यायची गरज नाही. पानाच्या एकाच बाजूला लिहा. कंजूषपणा वाटतो, पण मागची कोरी बाजू पाचव्या टप्प्यात लागणार आहे.

पान असं आखा: डावीकडे अडीच इंचाचा रकाना सोडा, खाली दोन इंच सोडा, लिहायचं ते उरलेल्या मोठ्या चौकटीत. ही कॉर्नेल विद्यापीठातली पद्धत आहे, वॉल्टर पॉक यांनी रूढ केलेली. बरेच जण रकाना आखतात अन् मग जागा वाया जाते म्हणून त्यातही नोट्सच लिहितात, मग आखायचा कशाला? लेक्चर चालू असताना डावा रकाना आणि खालची पट्टी कोरीच राहिली पाहिजे. वर तारीख, टॉपिक, पान नंबर.

पेन साधा बॉलपेन. नागपूरच्या मे महिन्यात, ४५ अंशात, कूलरसमोर बसून जेल पेनने लिहून पाहा म्हणजे कळेल, कूलरच्या हवेने कागद दमट, तळहाताला घाम, आणि दोन ओळींची शाई तिसऱ्या ओळीवर पसरते. हाताखाली रुमाल किंवा जुन्या कागदाची घडी ठेवा. रंग दोनच, निळा आणि लाल, आणि लाल आत्ता बॅगेतच राहू द्या.

भरभर मराठी लिहायचं तर शिरोरेषा सोडा. नोट्स तुमच्यासाठीच आहेत, बाई मार्क कापणार नाहीत. फक्त शिरोरेषा नसली की घ आणि ध, म आणि भ यांचा घोळ होतो, म्हणून ध आणि भ ची गाठ जरा ठळक काढायची सवय लावा. लघुरूपं आधीच ठरवून फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. "सं" म्हणजे संसद की संविधान हे त्या क्षणी पक्कं माहीत असतं, दोन महिन्यांनी नसतं. बाण, वर-खाली, बरोबर, नाही-बरोबर, प्रश्नचिन्ह, एवढ्या खुणा पुरतात.

*सावधान:* पहिल्याच दिवशी लघुरूपांची मोठी यादी करून ती पाठ करत बसू नका. आठ-दहा पुरे, बाकी वापरता वापरता होतात.

टप्पा ३: ऐका, थांबा, मग लिहा

बोलणारा माणूस मिनिटाला साधारण १२० ते १५० शब्द बोलतो, हाताने लिहिणारा कसाबसा वीस-पंचवीस गाठतो. त्यामुळे सगळं लिहिण्याचा प्रयत्न केला की तुम्ही कायम एक वाक्य मागे राहता, कान चालू वाक्यावर, हात मागच्या वाक्यावर, अन् डोकं कुठेच नाही. एक मुद्दा पूर्ण होईपर्यंत पेन टेकवायचा नाही. सर श्वास घेतात, फळा पुसतात, "तर मग" म्हणतात, तेव्हा लिहायचं.

एक उदाहरण जवळून दाखवतो. समजा सर म्हणाले: "नागपूर करार २८ सप्टेंबर १९५३ ला झाला आणि त्यात असं ठरलं की विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र या तिन्ही भागांना खर्चासाठी पैसा लोकसंख्येच्या प्रमाणात मिळेल, हायकोर्टाचं खंडपीठ नागपूरला राहील आणि वर्षातून किमान एक अधिवेशन नागपूरला होईल."

लॅपटॉपवाला हे वाक्य जसंच्या तसं ठोकतो, स्पेलिंगची लाल रेघ दिसली की ती दुरुस्त करतो, तोवर सर पुढे गेलेले असतात. रंगीत पेनवाला "नागपूर करार" हे हेडिंग जांभळ्याने लिहून त्याला चौकट काढून राहिलेला असतो. कामाची नोट अशी दिसते:

नाग. करार २८/९/५३
विदर्भाला काय? → पैसा (लोकसंख्येप्रमाणे), कोर्ट (खंडपीठ), अधिवेशन (वर्षात १)
? नुसता करारच, की घटनेत पण काही आहे

तीन ओळी. तिसरी ओळ सरांनी सांगितलेलीच नाही, ती ऐकताना डोक्यात आली. माझ्या मते पानावरची सगळ्यात किमती ओळ तीच आहे. ज्या पानावर स्वतःचं एकही प्रश्नचिन्ह नाही ते पान संशयाने पाहायचं, कारण ते बहुतेक उतरवलेलं असतं.

व्हिडिओ लेक्चर असेल तर लोकांची वेगळीच तऱ्हा. दीडपट स्पीडवर लावायचं अन् दर वाक्याला पॉज करून लिहायचं. एक तासाचं लेक्चर तीन तास चालतं, शेवटी हातात येते ती व्हिडिओची हस्तलिखित प्रत. त्यापेक्षा पाच-सात मिनिटं सलग पाहा, पेन खाली, मग पॉज, आणि जेवढं आठवतंय तेवढं लिहा. राहून गेलं वाटलं तरच मागे जा. सुरुवातीला खूप सुटल्यासारखं वाटतं. सुटू द्या, चौथा टप्पा त्यासाठीच आहे.

*सावधान:* फळ्याचा फोटो काढायचा तर काढा, पण आकृती हातानेही काढा, कितीही वेडीवाकडी आली तरी. ज्याच्या फोनमध्ये फळ्याचे हजार फोटो आहेत त्याला विचारा, शेवटचा कधी उघडला होता.

*तपासा:* लेक्चर संपल्या संपल्या, चहाच्या टपरीवर जाईपर्यंत, शेजारच्या मित्राला दोन वाक्यांत सांगा आज काय झालं. सांगता आलं नाही तर आजच्या पानाला वर कोपऱ्यात टिंब द्या, ते आधी हातात घ्यायचं.

टप्पा ४: त्याच दिवशी पान भरा, "फेअर" करू नका

हा टप्पा वीस मिनिटांचा आहे आणि त्याच दिवशी झोपायच्या आधी झाला पाहिजे. दुसऱ्या दिवशी तुमचीच लघुरूपं तुम्हाला परकी वाटायला लागतात.

आधी सुटलेल्या जागा भरा, पुस्तकातून किंवा मित्राच्या वहीतून. मग प्रश्नचिन्हांची उत्तरं शोधा. वरच्या उदाहरणात उत्तर आहे कलम ३७१(२), ते १९५६ च्या ७ व्या घटनादुरुस्तीने आलं, त्यात विकास मंडळांची तरतूद आणि राज्यपालांची विशेष जबाबदारी आहे. हे प्रश्नचिन्हाच्या शेजारीच लिहा, दुसरीकडे नाही.

मग डावा रकाना. त्यात मुद्दे लिहायचे नाहीत, प्रश्न लिहायचे, असे की ज्यांचं उत्तर उजवीकडे आहे. "करारात विदर्भाला कोणत्या तीन गोष्टी?" "करार अन् ३७१(२), आधी कोण, काय फरक?" पानाला चार-पाच प्रश्न भरपूर झाले. शेवटी खालच्या पट्टीत पूर्ण पानाचं सार दोन वाक्यांत, पण हे लिहिताना वरचं पान हाताने झाका.

आता फेअरबद्दल. अक्षर खराब आलं, खाडाखोड झाली म्हणून सगळं नव्याने सुबक लिहून काढायचं, ही सवय शाळेतून आलीय अन् जाता जात नाही. काहून लिहून राहिले परत? विचारलं की सांगतात, "लिहिताना रिविजन होते नं." नाही होत. समोर बघून लिहिताना डोकं अक्षराकडे असतं, मजकुराकडे नाही, हात चालतो अन् मन पोह्यांच्या गाडीवर पोचलेलं असतं. याचाच भाऊ म्हणजे टायपिंग परीक्षेवाले. क्लार्क-टायपिस्टला मराठी मिनिटाला ३० शब्दांचा वेग लागतो, म्हणून "टायपिंगची प्रॅक्टिसही होईल अन् अभ्यासही" असं म्हणत पुस्तक टाइप करत बसतात. स्पीड येतो, पुस्तक येत नाही. प्रॅक्टिसला वेगळा उतारा घ्या, जो शिकायचा नाहीये.

टप्पा ५: कोऱ्या पानावर

सगळ्यात कंटाळवाणा टप्पा हाच आहे आणि सगळ्यात कामाचाही हाच. एकच टप्पा पाळायचा असेल तर हा पाळा, बाकीचं टाइप करा, उतरवा, काही करा.

दुसऱ्या दिवशी सकाळी, फाइल उघडायच्या आधी, एक कोरा कागद घ्या (कालच्या पानाची मागची बाजू चालते). वर फक्त टॉपिकचं नाव. आता आठवेल ते सगळं हाताने लिहा, क्रम नको, वाक्यं नको, बाण-आकृत्या चालतील. अडलं की लगेच पान उलटायचं नाही. दोन मिनिटं नुसतं बसायचं. ही दोन मिनिटं खूप त्रास देतात, हात फोनकडे जातो, पाणी प्यायची इच्छा होते. बसा.

मग पान उलटा आणि आता तो लाल पेन काढा. जे सुटलं ते लालने लिहा, जे चुकलं ते लालने दुरुस्त करा. आपल्या उदाहरणात हमखास होणारी चूक म्हणजे करारापुढे १९५६ लिहिलं जातं, कारण काल रात्री ३७१(२) सोबत ते साल डोळ्याखालून गेलेलं असतं. नुसतं वाचत राहिला असता तर ही गल्लत परीक्षेच्या हॉलमध्येच कळली असती.

रोडिगर आणि कारपिकी यांचा २००६ चा प्रयोग नेमका यावरच आहे. एका गटाने उतारा परत वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर परत वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणाऱ्यांना साधारण ५६ टक्के आठवलं अन् वाचणाऱ्यांना ४२. म्हणजे वाचून झाल्यावर जो "हाव, येते मला" असा भरवसा वाटतो तो पाच मिनिटांचा असतो, आणि परीक्षा काही पाच मिनिटांनी नसते.

हे हातानेच का, टाइप करून का नाही? आठवण्याचा फायदा टाइप करूनही मिळतो, ते नाकारत नाही. पण स्क्रीनवर एक बोट दाबलं की उत्तर समोर असतं, मोह आवरत नाही. शिवाय कागदावर आकृती, बाण, "हे पानाच्या उजव्या कोपऱ्यात होतं" अशी जागेची आठवण मदतीला येते. टोकियोत २०२१ मध्ये ४८ जणांना कॅलेंडरच्या नोंदी कागदावर, टॅबवर किंवा फोनवर करायला लावल्या होत्या, त्यात कागदवाल्यांचं काम सगळ्यांत लवकर आटोपलं.

*सावधान:* पहिल्या आठवड्यात कोऱ्या पानावर जेमतेम पाव भाग येतो. लोक इथेच घाबरून सोडून देतात आणि परत हायलायटर हातात घेतात, कारण हायलायटर कधी अपमान करत नाही. पान लालभडक झालं तर ते पान काम करून राहिलं आहे असं समजा.

*तपासा:* लाल शाई कुठे जास्त आहे? तारखांत असेल तर ठीक, त्या घोकून होतात. कारणांत असेल तर टॉपिक समजलाच नाही, परत वाचा.

टप्पा ६: आता टाइप करा

आता कीबोर्डची पाळी. पूर्ण पान टाइप करायचं नाही. टाइप काय करायचं तर डाव्या रकान्यातले प्रश्न, खालच्या पट्टीचं दोन वाक्यांचं सार, आणि लाल शाईने लिहावं लागलेलं सगळं. बाकीच्या पानाचा फोटो काढून त्याच फाइलला जोडा. एका पानाला पाच मिनिटांच्या वर वेळ लागत असेल तर तुम्ही उतरवून राहिले.

इथे मराठीवाल्यांची खास अडचण येते. एक म्हणजे फॉन्ट. सायबर कॅफेतून किंवा सीनियरकडून मिळालेल्या जुन्या फाइली कृतिदेव नाहीतर श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये असतात, दिसतात मराठी पण आत इंग्रजी अक्षरांचे कोड असतात, म्हणून सर्च केलं की काहीच सापडत नाही. टाइप युनिकोडमध्येच करा (मोबाइलवर मराठी लिहिता ते युनिकोडच), नाहीतर साठवण्याचा मुद्दाच संपला. दुसरं, "घटनादुरुस्ती" एकदा जोडून, एकदा तोडून, एकदा ऱ्हस्व-दीर्घ चुकवून लिहिलं की एक शब्द शोधताना बाकीचे हरवतात. प्रत्येक फाइलच्या पहिल्या ओळीत ठरावीक चार-पाच शब्द लिहा, तेच स्पेलिंग कायम.

तिसरी अडचण, इंग्रजी अक्षरांतून मराठी टाइप करणाऱ्यांची. "क्ष" साठी कोणती बटणं, सुचवलेल्या तीन शब्दांतला कोणता, यात अर्धं लक्ष जातं. साठवण करताना चालतं, पण लेक्चर चालू असताना अशा कीबोर्डवर नोट्स घेणं म्हणजे एकाच वेळी दोन परीक्षा देणं. बोलून टाइप करायची सोय तर शिकण्याच्या टप्प्यात अजिबात नको, तिथे ठरवायचं कामच उरत नाही.

एका टॉपिकची एक फाइल, नावात विषय आधी मग टॉपिक. शेकडो पानांची एकच फाइल ठेवू नका. आणि कॉपी दोन ठिकाणी, त्यातली एक लॅपटॉपच्या बाहेर.

हाताने शक्यच नसेल तर

हाताचं दुखणं, काही जणांना लिहिण्याचीच अडचण, सर फार भरभर बोलतात, कॉलेजमध्ये सगळं लॅपटॉपवरच चालतं, अशी खरी कारणं असतात अन् त्यांना "पेनच घ्या" म्हणणं बरोबर नाही. मग पेनाचा हळूपणा मुद्दाम आणायचा. नेट बंद, एकच खिडकी उघडी. दहा मिनिटांच्या बोलण्याला जास्तीत जास्त पाच ओळी, सहावी आली तर आधीची एक पुसायची. वाक्य सरांचं नको, आपलं. आणि पाचवा टप्पा मात्र सोडायचा नाही, टाइप करून का होईना, कोऱ्या फाइलवर करा, किंवा तोंडाने बोलून करा.

वर्गात मागे बसून लॅपटॉपवर दुसरंच काही पाहत असाल तर शेजाऱ्याचंही नुकसान करून राहिले. कॅनडातल्या २०१३ च्या एका प्रयोगात ज्यांना दुसऱ्याची चालू असलेली स्क्रीन दिसत होती त्यांचेही मार्क कमी आले होते.

टॅब आणि स्टायलसवाले विचारतात आमचं काय. वर सांगितलेल्या नॉर्वेच्या अभ्यासात तर डिजिटल पेनच होता, त्यामुळे हाताने लिहिण्यात ते मोडतं. खरी अडचण म्हणजे टॅबवर कॉपी-पेस्ट, खोडरबर अन् चाळीस रंग असतात, आणि पोट्टे पान सजवत बसतात. एक रंग, एक जाडी, बस.

घरात चार-पाच वर्षांचं लेकरू असेल तर त्याचा नियम वेगळा. अजून वाचता न येणाऱ्या मुलांवर अमेरिकेत २०१२ मध्ये झालेल्या एका अभ्यासात मोकळ्या हाताने अक्षर काढल्यानंतर मेंदूतल्या वाचनाच्या भागांची जी हालचाल दिसली ती टाइप केल्यावर किंवा नुसतं गिरवल्यावर तशी दिसली नाही. म्हणून टिंबांवरून गिरवायच्या वह्या थोडे दिवस ठीक, मग कोऱ्या पाटीवर त्याला त्याचा वाकडातिकडा "अ" काढू द्या, हात धरू नका.

टप्पा ७: परत कधी बघायचं

दुसऱ्या दिवशी सकाळी (तो पाचवा टप्पा झाला), मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. आकडे दगडावरची रेघ नाहीत, अंतर वाढत गेलं पाहिजे एवढंच. दर वेळी आधी उजवी बाजू झाकून डाव्या रकान्यातले प्रश्न सोडवा, तोंडी चालेल. ज्याचं उत्तर सलग दोनदा नीट आलं त्यावर बारीक टिक, पुढच्या वेळी तो गाळा. जो तीनदा अडला त्याचं पान फाइलमधून काढून वेगळं ठेवा, आणि त्याच्यासाठी दुसरं पुस्तक किंवा दुसरे सर शोधा, कारण तेच पान चौथ्यांदा वाचून काही होणार नाही.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात नवीन नोट्स बंद. लॅपटॉपमधली प्रश्नांची फाइल प्रिंट करा, आदल्या दिवशी नका करू, दुकानांत तेव्हा तोबा गर्दी असते. त्या प्रिंटवर ज्या प्रश्नांना टिक नाही तेवढेच सोडवा, आणि उत्तरं पूर्ण न लिहिता फक्त मुद्दे, हाताने, घड्याळ लावून, जो पेन पेपरला नेणार आहात त्याच पेनने.